अर्धा शब्द उच्चारण्याचा अधिकार : जपानी सलगीच्या अभिवादनांची कुळकथा

१.
आजचा धागा लढायांचा नाही आणि तहांचाही नाही. तो आहे 'ओस्सु', 'याहो', 'चीस्सु', 'ओत्सु' या चिमुकल्या जपानी शब्दांचा. अ‍ॅनिमे पाहून आपल्याकडची पुष्कळ तरुण मंडळी हे शब्द उचलतात आणि पहिल्याच भेटीत एखाद्या जपानी माणसाला ऐकवतात. समोरचा सौम्य हसतो, किंचित मान लववतो. शब्द शोभला की खटकला, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही, कारण ते तोंडावर न सांगणे हाही तिथल्या शिष्टाचाराचाच भाग आहे.

२.
या शब्दांविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ही बिघडलेली भाषा आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. दुसरा म्हणतो, हीच खरी जिवंत भाषा, पुस्तकी अभिवादने हवीत कशाला? माझ्या मते दोन्ही पक्ष इतिहास न पाहता बोलतात. पहिल्याला हे ठाऊक नाही की आजची 'शुद्ध' अभिवादनेदेखील तुटलेली वाक्येच आहेत. दुसऱ्याला हे ठाऊक नाही की वाक्य कोणी तोडावे, याचा जपानमध्ये एक अलिखित पण कडक कायदा आहे. दोन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

३.
आरंभ खुद्द 'अभिवादन' या अर्थाच्या शब्दापासून करू. जपानीत त्याला 'आइसात्सु' म्हणतात. या शब्दातल्या दोन चिन्हांचे अर्थ आहेत 'ढकलणे' आणि 'रेटत जवळ येणे'. हा शब्द झेन मठांतून आला. एका भिक्षूने दुसऱ्याला प्रश्नाने रेटायचे, उत्तरावरून त्याच्या बोधाची खोली अजमावायची, या क्रियेचे ते नाव होते. पुढे तो शब्द मठाच्या पायऱ्या उतरून बाजारात आला आणि 'नमस्कार-चमत्कार' एवढाच त्याचा अर्थ उरला. तरीही मूळ क्रिया संपलेली नाही. आजही दोन जपानी माणसे भेटली की पहिल्या शब्दात एकमेकांची खोली अजमावतात: हा माझ्याहून मोठा की लहान, आतला की बाहेरचा?

४.
आता सर्वांना ठाऊक असलेला 'कोन्निचिवा' घ्या. याचा शब्दशः अर्थ 'आजचा दिवस तर…' इतकाच. पूर्वी पुढे 'आपली प्रकृती कशी आहे' अशा धर्तीचे वाक्य असे. ते काळाच्या ओघात गळून पडले आणि उरला केवळ उद्देश्याचा तुकडा. शेवटचा 'वा' हा स्वतंत्र शब्द नसून विषय दाखवणारा प्रत्यय आहे. म्हणून तो 'हा' या अक्षराने लिहितात आणि 'वा' असा उच्चारतात. १९८६ साली जपान सरकारने आधुनिक लेखनाचे जे नियम जाहीर केले, त्यांत उदाहरणादाखल 'कोन्निचिवा' आणि 'कोन्बान्वा' हे दोन्ही शब्द दिले आहेत. वाक्य विरून गेले, पण त्याची खूण लेखनात सरकारी शिक्क्यानिशी जपली गेली.

५.
निरोपाच्या शब्दांची कथा याहून सुरस आहे. 'सायोनारा' म्हणजे 'असे असेल तर…'. त्याच्या आधीचा 'साराबा', त्याचाही अर्थ तोच. आणि आजची मुले रस्त्याच्या वळणावर हात हलवून जे 'जा' किंवा 'जा ने' म्हणतात, ते 'देवा' या जोडशब्दाचे बोलीरूप आहे. त्याचा अर्थही पुन्हा 'असे असेल तर'! ('देवा' ऐकून आपला हात जोडला जाईल, पण त्या शब्दाचा ईश्वराशी काही संबंध नाही.) तीन वेगवेगळ्या काळांतील तीन शब्द, पण कल्पना एकच: 'तर मग…' असे म्हणायचे आणि पुढचे न बोलता निघायचे. ज्याला आपण उथळ तरुणाईची भाषा म्हणतो, ती पूर्वजांचीच वाक्यरचना नव्या कपड्यांत वावरते आहे.

६.
सकाळचा 'ओहायो' पाहा. 'हायाइ' म्हणजे लवकर. 'ओहायो गोझाइमासु' म्हणजे 'आपण लवकर आहात' असा काहीसा आदरयुक्त उद्गार. नेहमीच्या प्रमाण जपानीत या विशेषणाचे रूप 'हायाकु' होते, 'हायो' होत नाही. 'क' गळून स्वर लांबवण्याची ही लकब क्योतो आणि पश्चिम जपानची. राजधानी तोक्योला गेली, प्रमाणभाषा तोक्योच्या बोलीवर उभी राहिली, पण 'ओहायो', 'आरिगातो' आणि 'ओमेदेतो' (अभिनंदन) यांच्या रूपाने जुनी राजधानी प्रत्येकाच्या तोंडी राहिली. झोपाळू डोळ्यांनी 'हायो' एवढेच पुटपुटणारा तोक्योचा शाळकरी मुलगा नकळत क्योतोचे व्याकरण उच्चारत असतो.

७.
'आरिगातो' आला आहे, तर एक भ्रम इथेच दूर करू. हा शब्द पोर्तुगीज 'ओब्रिगादो'वरून आला, असे समाजमाध्यमांवर वारंवार सांगितले जाते. ते खरे नाही. पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले १५४३ मध्ये. 'आरिगाताशि' हे विशेषण त्याच्या कित्येक शतके आधीचे आहे. त्याचा मूळ अर्थ 'असणे कठीण', म्हणजे दुर्मिळ. इसवी सन १००० च्या सुमारास सेइ शोनागोन या दरबारी लेखिकेने दुर्मिळ गोष्टींची एक यादीच केली आहे. तीत सासऱ्याची शाबासकी मिळवणारा जावई आणि सासूची लाडकी सून यांना मानाचे स्थान आहे. 'दुर्मिळ'पासून 'आभार' हा प्रवास जपानी मातीतच झाला. आज त्याचाच 'आझास्सु' झाला, तर प्रवास अजून चालू आहे, इतकाच त्याचा अर्थ.

८.
पोर्तुगीजांचा आणि जपानी भाषेचा खरा संबंध निराळा आहे, आणि तो आपल्या अंगणातून जातो. सात्सुमा प्रांतातील आंजिरो नावाचा एक इसम खुनाच्या प्रकरणातून पळाला आणि मलाक्क्यात फ्रान्सिस झेवियरला भेटला. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तिथल्या सेंट पॉल महाविद्यालयात त्याने शिक्षण घेतले. १५४९ मध्ये त्याला दुभाषा करून झेवियर कागोशिमाला उतरला. आपला 'पाव' आणि जपान्यांचा 'पान' हे एकाच पोर्तुगीज शब्दाचे दोन वंशज, ते याच समुद्रमार्गाचे प्रवासी.

९.
आंजिरोच्या भाषांतराने मात्र घोटाळा केला. ख्रिस्ती ईश्वरासाठी त्याने 'दाइनिचि' हा शब्द सुचवला, जो शिंगोन बौद्धांच्या महावैरोचन बुद्धाचे नाव होता. ऐकणाऱ्यांना वाटले, हिंदुस्थानातून बौद्ध धर्माचाच एखादा नवा पंथ आला आहे. चूक ध्यानात आल्यावर झेवियरने तो शब्द टाकून दिला आणि 'देउस'च वापरू लागला. धडा साधा आहे: शब्दाचा अर्थ ठाऊक असणे वेगळे आणि त्याची जागा ठाऊक असणे वेगळे.

१०.
जेझुइटांनी हा धडा मनावर घेतला. युरोपातून गोव्यामार्गे आणलेला छापखाना १५९० मध्ये जपानात पोहोचला. १६०३-०४ मध्ये नागासाकीहून सुमारे ३२,००० शब्दांचा जपानी-पोर्तुगीज कोश निघाला. त्यात कोणता शब्द क्यूशूकडचा, कोणता स्त्रियांच्या तोंडचा, हेही नोंदवले आहे. पाठोपाठ जुआंव रोद्रिगिश याचे व्याकरण १६०४ ते १६०८ या काळात छापले गेले. त्यात आदरार्थी भाषेचा तपशीलवार विचार आहे. परदेशातून आलेल्या या विद्यार्थ्यांना चारशे वर्षांपूर्वी उमगले होते की 'काय बोलावे' याच्या आधी 'कोण, कोणाशी बोलतो' हे शिकावे लागते. अ‍ॅनिमेच्या पिढीने निदान तेवढे तरी मागे राहू नये.

११.
आता नायकाकडे येऊ: 'ओस्सु'. 'ड्रॅगन बॉल'च्या गोकूमुळे तो जगभर पोहोचला. त्याच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. प्रचलित मत असे की 'ओहायो गोझाइमासु'च आखडत आखडत 'ओस्सु' झाला. क्योतोत १८९५ मध्ये स्थापन झालेल्या दाइ निप्पोन बुतोकुकाइ या युद्धकला-संस्थेच्या विद्यालयातील तरुणांनी तो रूढ केला आणि त्यावर 'ढकलणे' व 'सोसणे' अशा अर्थांची दोन चिन्हे चढवली, असे म्हणतात. गंमत अशी की झेन मठातला 'आइसात्सु'ही ढकलणाराच होता. विद्यापीठांच्या कराटे मंडळांनी हा शब्द पुढे नेला.

१२.
पण याच शब्दाचे दुसरे, हसरे रूपही आहे. १९६९ ते १९८५ या काळात दूरचित्रवाणीवर गाजलेल्या एका विनोदी कार्यक्रमात 'द ड्रिफ्टर्स' या चमूचा म्होरक्या चोसुके इकारिया प्रेक्षागृहातल्या मुलांना 'ओइस्सु!' अशी साद घाली. मुलांचा आवाज कमी पडला की पुन्हा म्हणायला लावी. व्यायामशाळेतील घामट शब्द अशा रीतीने शनिवार संध्याकाळच्या दिवाणखान्यात आला. 'ओहायो'च्या 'ओहा' या तुकड्याचेही असेच झाले. मुलांच्या कार्यक्रमातून पसरलेला 'ओहा' २००० मध्ये शिंगो कातोरी या गायक-अभिनेत्याच्या तोंडी इतका गाजला की त्या वर्षीच्या लोकप्रिय शब्दाचा सर्वोच्च पुरस्कार त्याने 'आयटी क्रांती'बरोबर वाटून घेतला.

१३.
मग तो वापरावा कुठे? 'ओस्सु' मुख्यतः मुलांमुलांतला, बरोबरीच्या मित्रांतला शब्द. काही कराटे संप्रदायांत तो गुरूलाही म्हणतात, पण तिथे तो शिस्तीचा भाग असतो आणि सर्व संप्रदायांत तो चालतोच असे नाही. भाषेच्या वर्गात शिक्षकाला, कार्यालयात वरिष्ठाला किंवा मित्राच्या आईला 'ओस्सु' म्हणणे म्हणजे नुकत्याच भेटलेल्या काकूंना 'काय गं' म्हणण्यासारखे. 'याहो' ही मुळात डोंगरावरची हाळी. ती आज मैत्रिणी-मैत्रिणींत अधिक ऐकू येते. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मित्राला 'ओहिसा' म्हणतात, जो 'हिसाशिबुरि'चा उरलेला तुकडा आहे.

१४.
'चीस्सु' किंवा 'चिवास्सु' मात्र खरोखर कुतूहलाचा विषय आहे. 'कोन्निचिवा'चे शेपूट आणि त्याला जोडलेला 'स्सु'. हा 'स्सु' म्हणजे 'देसु' या सभ्य क्रियारूपाचा संक्षेप. क्रीडामंडळांत कनिष्ठ मुलांनी वरिष्ठांशी बोलताना तो वापरण्याचा प्रघात आहे. पूर्ण 'देसु' म्हटले तर परकेपणा येतो, काहीच न लावले तर उद्धटपणा होतो. मधला मार्ग 'स्सु'. भाषाशास्त्रज्ञ मोमोको नाकामुरा यांनी २०२० मध्ये यावर पुस्तक लिहिले आणि त्याला 'नवी आदरभाषा' असे म्हटले. मला त्यांचे म्हणणे पटते. वडीलधाऱ्यांना जी केवळ उर्मट कुजबुज वाटते, तिच्यात जवळीक आणि आदर एकाच श्वासात साधण्याची धडपड आहे.

१५.
कार्यालयातून निघताना 'ओत्सुकारेसामा' म्हणतात, म्हणजे 'आपण दमलात' या भावाने श्रमांची दखल घेतात. तसाच दुसरा शब्द 'गोकुरोसामा'. आजच्या संकेतानुसार हा दुसरा शब्द वरच्याने खालच्याला म्हणावा, खालच्याने वरच्याला नव्हे. पहिल्याचा संक्षेप 'ओत्सु'. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'निचान्नेरु' या संकेतस्थळावर लोक तो लिहिताना त्याच उच्चाराचे एका फटक्यात काढता येणारे चिन्ह वापरू लागले, ज्याचा मूळ अर्थ दशकालगणनेतील 'दुसरा' असा आहे. मित्राच्या संदेशाला 'ओत्सु' हे उत्तर शोभते. वरिष्ठाला तेच पाठवले तर त्याच्या श्रमांची तुम्ही अर्ध्या अक्षरात बोळवण केली असे होते.

१६.
दूरध्वनीवरील 'मोशिमोशि' हाही पूर्वीच्या नम्र क्रियापदाचा अवशेष. 'मोसु' म्हणजे विनम्रपणे सांगणे. १६ डिसेंबर १८९० रोजी तोक्यो आणि योकोहामा यांच्यात दूरध्वनी सेवा सुरू झाली, तेव्हा तोक्योत १५५ आणि योकोहामात ४२ ग्राहक होते. आरंभीचे ग्राहक 'ओइ ओइ' असे पुकारत, असे सांगतात. हा हुकूम सोडणाऱ्याचा स्वर, आणि तेव्हाचे ग्राहक त्याच वर्गातले. 'मोशिमोशि'ने यंत्राला नम्रता शिकवली. आज तो घरच्यांत आणि मित्रांत चालतो. व्यवसायाच्या दूरध्वनीवर मात्र थेट संस्थेचे नाव सांगणे शिष्टसंमत ठरते.

१७.
इथवर पाहिले त्यातून कायदा असा निघतो: जपानीत शब्दाची लांबी म्हणजे दोन माणसांमधले अंतर. पूर्ण शब्द म्हणजे उंबऱ्याबाहेर उभे राहणे, अर्धा शब्द म्हणजे आत येऊन बसणे. म्हणूनच जपानी माणूस घरच्यांना 'कोन्निचिवा' म्हणत नाही. आईला 'कोन्निचिवा' म्हटले तर तिला परकी केल्यासारखे होईल. 'ओहायो' मात्र घरात चालतो, कारण त्याची दोन मापे आहेत: बाहेरच्यांसाठी 'गोझाइमासु'सह, घरच्यांसाठी त्याविना. घरातून निघताना 'इत्तेकिमासु' म्हणतात, म्हणजे 'जाऊन येतो'. 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हे आपल्या आजीने शिकवले आहे, ते इथे कामी येते.

१८.
आणि हा अधिकार समान वाटलेला नाही. वरिष्ठ कनिष्ठाला 'ओस' म्हणू शकतो. कनिष्ठाने पूर्ण उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. युद्धोत्तर जपानला ही उतरंड सलत होती. एप्रिल १९५२ मध्ये राष्ट्रीय भाषा परिषदेने 'यापुढील आदरभाषा' या आशयाची शिफारस केली. तिचे सार असे की आजवरची आदरभाषा वर-खाली या नात्यावर वाढली, पुढची परस्परांच्या मानावर उभी राहावी. त्याच दस्तऐवजाने अभिवादने मात्र रूढ रूपातच राहू द्यावीत असे म्हटले. २००७ च्या मार्गदर्शिकेने आदरभाषेचे पाच प्रकार मांडले. उतरंड मोडली नाही, पण तरुणांनी 'स्सु'सारख्या फटी स्वतः शोधल्या. समितीला जे साधले नाही, ते क्रीडांगणावर थोडेफार साधले.

१९.
आता या धाग्यातील सर्वांत गंभीर पान. 'चूक' अभिवादनाची शिक्षा केवळ भुवई उंचावण्यापुरती नेहमीच नव्हती. १८७९ मध्ये र्‍युक्यू राज्य खालसा होऊन ओकिनावा प्रांत झाला. तिथला पुरुष भेटल्यावर 'हाइसाइ' म्हणतो, स्त्री 'हाइताइ'. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तिथल्या शाळांत मातृभाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी 'बोलीपाटी' अडकवली जाई. ती उतरवायची तर दुसरा बोलणारा पकडून द्यायचा. सवंगड्याला सवंगड्याचा हेर बनवणारी ही पद्धत युद्धानंतरही काही काळ टिकली. १९४० मध्ये लोककलेचे अभ्यासक मुनेयोशि यानागि यांनी या धोरणावर जाहीर टीका केली, तेव्हा मोठा वाद झाला.

२०.
पाच वर्षांनी त्या वादाला भीषण वळण लागले. एप्रिल १९४५ मध्ये, ओकिनावाच्या लढाईत, तिथल्या ३२ व्या जपानी सैन्याने आदेश काढला: ओकिनावाच्या भाषेत बोलणाऱ्याला हेर समजून शासन केले जाईल. आईच्या भाषेतला शब्द ज्या काळी जिवावर बेतू शकत होता, तो काळ फार दूरचा नाही. २००६ मध्ये त्याच प्रांताने १८ सप्टेंबर हा आपल्या भाषांचा दिवस म्हणून अध्यादेशाने ठरवला. २००९ मध्ये युनेस्कोने ओकिनावाची भाषा संकटग्रस्त म्हणून नोंदवली. म्हणून कुणी 'हाइसाइ' म्हणाले तर तो गमतीदार गावरान शब्द समजू नका. त्यामागे पाटी गळ्यात घालून वर्गात उभी राहिलेली मुले आहेत.

२१.
आता माझे मत स्पष्ट मांडतो. सलगीच्या अभिवादनांना अशुद्ध म्हणून हिणवणे हे इतिहासाचे अज्ञान आहे, कारण सारीच अभिवादने झिजलेली नाणी आहेत. काही आधी झिजली, एवढाच फरक. पण ती नाणी उचलून कुठेही खर्चणे हेदेखील अज्ञानच, कारण झिजण्यासाठी हातांची ओळख लागते. आपल्याकडे 'अहो'चा 'अरे' व्हायला वेळ लागतो, आणि बहुधा मोठा माणूसच म्हणतो, 'अरे, तू म्हण मला'. जपानीत ती परवानगी उच्चारली जात नाही, म्हणून ती अधिक लक्षपूर्वक ऐकावी लागते.

२२.
तेव्हा शिकणाऱ्यांना सल्ला एवढाच. आरंभ पूर्ण शब्दाने करा: 'ओहायो गोझाइमासु', 'कोन्निचिवा', 'ओत्सुकारेसामा देसु'. पूर्ण शब्दाने कुणी दुखावत नाही. शब्द पहिल्यांदा समोरच्याला तोडू द्या. त्याने तुम्हाला 'ओस्सु' म्हटले, वयाने-मानाने तो बरोबरीचा असला, तर तुम्हीही निःसंकोच म्हणा. तो मोठा असेल तर 'स्सु'पर्यंत या, त्याखाली उतरू नका. आणि निरोप घेताना रोजच्या मित्राला 'सायोनारा' नको, त्याचा सूर दीर्घ विरहाचा आहे. 'जा, माता' पुरे, म्हणजे 'तर मग, पुन्हा'.

२३.
दिवस येईल, तुमचा एखादा जपानी मित्र तुम्हाला पाहून पूर्ण अभिवादन करण्याऐवजी नुसतेच 'ओस' म्हणेल. त्या क्षणी त्याने आदर कमी केला असे समजू नका. त्याने उंबऱ्यावरून तुम्हाला आत घेतले आहे.

धागा इथे संपवतो. तर मग, पुन्हा!